अमेन्सॅलिझम: एकाचं नुकसान, दुसऱ्याला पत्ताच नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सजीवांमधल्या नात्यांचा धडा शिकवताना परजीवी, सहजीवन, भक्ष्य आणि भक्षक यांच्यावर पानंच्या पानं खर्च होतात. अमेन्सॅलिझमच्या वाट्याला दोन ओळी येतात, फार तर एखादं उदाहरण. मला हे नातं फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे विज्ञानाला सगळ्यात अवघड गोष्ट सिद्ध करावी लागते: एका बाजूला काहीच झालं नाही, ही. विद्यार्थी, शिक्षक आणि बागकाम करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

अमेन्सॅलिझम म्हणजे नेमकं काय?

दोन प्रजातींचा संबंध येतो, त्यात एकीचं नुकसान होतं आणि दुसरीला ना फायदा होतो ना तोटा. या नात्याला अमेन्सॅलिझम म्हणतात. खुणांच्या भाषेत ते (०, −) असं लिहितात. नुकसान म्हणजे मरणच असं नाही. वाढ खुंटणं, बिया कमी धरणं, पिल्लं कमी जगणं, जागा सोडून जावं लागणं हे सगळं त्यात येतं. शून्याचा अर्थही तितकाच काटेकोर आहे. नुकसान सोसणारी प्रजाती शेजारी असो वा नसो, नुकसान करणाऱ्या प्रजातीची वाढ, संख्या आणि पुनरुत्पादन तेवढंच राहिलं पाहिजे.

तळ्यातल्या बेडकांना दगड मारणाऱ्या मुलांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. “तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो,” असं बेडूक म्हणतो. हे वाक्य अमेन्सॅलिझमच्या अगदी जवळ जातं, पण पुरतं पोचत नाही. त्या मुलांना निदान खेळाची मजा तरी मिळत होती. त्याच तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या गाईच्या खुराखाली एखादा बेडूक सापडला, तर गाईला कसलीच मजा नाही, पोटाला काही नाही आणि बहुधा खबरही नाही. अमेन्सॅलिझम म्हणतात तो हा.

हा शब्द आला कुठून? मराठीत काय म्हणायचं?

लॅटिनमध्ये ‘मेन्सा’ म्हणजे जेवणाचं मेज. एकाच मेजावर जेवणारे ते कॉमेन्सल. मराठीत त्या नात्याला ‘सहभोजिता’ म्हणतात, आणि हे भाषांतर नेमकं आहे, कारण एकाच पंगतीला बसण्याची कल्पना त्यात जशीच्या तशी आली. अमेन्सॅलिझममध्ये सुरुवातीचा ‘अ’ दुराव्याचा आहे: पंगतीतून उठवलेला. एडवर्ड हास्केल यांनी १९४९ मध्ये आणि पॉल बर्कहोल्डर यांनी १९५२ मध्ये सजीवांमधली नाती अधिक, उणे आणि शून्य या खुणांच्या जोड्यांत मांडली. तीन खुणांच्या वेगवेगळ्या जोड्या सहाच होतात आणि त्यातली एक (०, −) आहे. तिला नाव हवं होतं, ते या शब्दाने भागवलं. मराठीत सर्वांनी स्वीकारलेला प्रतिशब्द अजून रुळलेला नाही, म्हणून इथे मूळ शब्दच वापरला आहे.

भक्षण, परजीवीपणा आणि स्पर्धा यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

वाघ हरणाला मारतो तेव्हा वाघाचं पोट भरतं. जंत आतड्यात राहतो तेव्हा त्याला आयतं अन्न मिळतं. या दोन्हींत एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा आहे, म्हणजे (+, −). स्पर्धेत दोघांनाही झळ बसते, म्हणजे (−, −). अमेन्सॅलिझममध्ये नुकसान करणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही आणि त्याच्या खिशातून काही जातही नाही.

भक्षण आणि परजीवीपणा सहसा ओळखू येतात. स्पर्धा आणि अमेन्सॅलिझम यांच्यातली सीमा मात्र धूसर आहे. तिच्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

एकाच वागण्यातून दोन वेगळी नाती निघू शकतात का?

निघतात, आणि हे समजून घेण्यासाठी गाय आणि गायबगळा यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. गाय गवतातून चालते. तिच्या पावलांनी नाकतोडे आणि इतर किडे उडतात, मागून चालणारा गायबगळा ते टिपतो. बगळ्याचा फायदा झाला, गाईला काही फरक पडला नाही: ही सहभोजिता. त्याच पावलाखाली एखादं कोवळं रोप मोडलं, मुंग्यांच्या वारुळाचं तोंड बुजलं किंवा जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याची अंडी फुटली: हा अमेन्सॅलिझम. पाऊल एकच होतं.

म्हणून ‘गाय हा अमेन्सल प्राणी आहे’ असं म्हणण्याला अर्थ नाही. नाव प्राण्याला लागत नाही, दोघांमधल्या नात्याला लागतं. ती गाय जे गवत खाते त्याच्याशी तिचं नातं शाकाहारी भक्षकाचं आहे, आणि जे नुसतंच तुडवते त्याच्याशी अमेन्सॅलिझमचं.

नुकसान होतं तरी कोणकोणत्या वाटांनी?

ढोबळ मानाने दोन वाटा. पहिली शारीरिक: तुडवणं, दाबणं, सावली धरणं, गाळ ढवळणं. दुसरी रासायनिक: एका सजीवाच्या शरीरातून बाहेर पडणारं द्रव्य दुसऱ्याला मारतं किंवा त्याची वाढ रोखतं. या दुसऱ्या प्रकाराला प्रतिजैविता म्हणतात. प्रतिजैविक औषधांचं नाव त्याच कल्पनेशी जोडलेलं आहे.

मोठ्या झाडाच्या दाट सावलीत उगवलेल्या रोपाला प्रकाश पुरत नाही आणि ते वितभर होऊन थांबतं. मोठ्या झाडाने सावली त्या रोपासाठी धरलेली नसते. त्याची पानं त्याच्यासाठीच उन्हाकडे वळलेली असतात, खालचा अंधार हा त्याचा उरलासुरला भाग.

काळ्या अक्रोडाखाली खरंच काही उगवत नाही का?

काळा अक्रोड हे उत्तर अमेरिकेतलं झाड आपल्याखाली दुसरं काही वाढू देत नाही, हे या विषयातलं सर्वांत लोकप्रिय उदाहरण, आणि सर्वांत जास्त फुगवून सांगितलेलंही. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही अक्रोडाच्या सावलीला बाधक म्हटलं होतं. आधुनिक काळात १९२५ साली अमेरिकेत ए. बी. मॅसी यांनी काळ्या अक्रोडाच्या मुळांजवळ टोमॅटोची आणि अल्फाल्फाची, म्हणजे लसूणघासाची, झाडं कोमेजतात, हे नोंदवलं. पुढे १९२८ मध्ये या बाधेचा संबंध जुग्लोन नावाच्या द्रव्याशी जोडला गेला.

जुग्लोनची गंमत अशी की झाडाच्या आत ते बहुतांशी निरुपद्रवी रूपात, हायड्रोजुग्लोन म्हणून असतं. पानं, साल, मुळं, फळांची हिरवी टरफलं या सगळ्यांत ते सापडतं. हवेशी संबंध आला की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन विषारी जुग्लोन तयार होतं आणि ते इतर वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनात अडथळा आणतं. टोमॅटो, बटाटा, सफरचंद, ब्लूबेरी यांना ते सोसत नाही, असं बागकामाच्या याद्या सांगतात.

आता दुसरी बाजू. जुग्लोन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे मातीत लांबवर जात नाही. मातीतले काही जीवाणू त्याचं विघटन करतात. अनेक गवतं आणि झुडपं काळ्या अक्रोडाखाली निवांत वाढतात. प्रयोगशाळेत शुद्ध जुग्लोन ओतून बी रुजत नाही हे दाखवणं सोपं आहे. पण खऱ्या मातीत, खऱ्या झाडाखाली, नुकसानाचा किती भाग जुग्लोनचा आणि किती सावलीचा, पाण्याच्या ओढाताणीचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. अलीकडच्या काळात काही उद्यानशास्त्रज्ञांनी या जुन्या समजुतीवर उघड शंका घेतली आहे आणि मला ती शंका रास्त वाटते. अक्रोडाखालचा टोमॅटो कोमेजला तर जुग्लोन हा एक संशयित आहे. गुन्हा शाबीत झालेला नाही.

ॲलेलोपॅथी आणि अमेन्सॅलिझम एकच का?

नाही. ॲलेलोपॅथी ही नुकसानाची एक पद्धत आहे, अमेन्सॅलिझम हा त्यातून निघणारा हिशेब. ॲलेलोपॅथी हा शब्द ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये वापरात आणला. ग्रीक शब्दांवरून केलेल्या या नावाचा अर्थ साधारण ‘एकमेकांमुळे सोसणं’ असा होतो. एका वनस्पतीच्या रसायनांचा दुसरीवर होणारा परिणाम, एवढंच तो सांगतो.

ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य झरतं आणि ते आसपासच्या तणांच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणतं. तण खुंटल्यामुळे ज्वारीला जास्त पाणी आणि अन्नद्रव्यं मिळाली, तर ज्वारीच्या खात्यात शून्य नाही, अधिक आहे. ॲलेलोपॅथी झाली, अमेन्सॅलिझम झाला नाही.

पेनिसिलियम बुरशी जीवाणूंना मारते, हे तर निर्विवाद उदाहरण आहे ना?

पाठ्यपुस्तकात ते तसं छापलेलं असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८ च्या सप्टेंबरमध्ये सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेत परतले, तेव्हा स्टॅफिलोकॉकस जीवाणूंच्या एका बशीत बुरशी आलेली होती आणि तिच्याभोवतीच्या जीवाणूंच्या वसाहती विरघळल्यासारख्या दिसत होत्या. बुरशीतून पाझरणारं पेनिसिलिन जीवाणूंची पेशीभित्तिका नीट विणू देत नाही. वाढत्या जीवाणूची भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून ते औषध म्हणून चाललं. पुढे १९४३ मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या रटगर्स विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं आणि क्षयरोगावर पहिलं प्रभावी प्रतिजैविक हाती आलं. मातीतल्या या नात्याने माणसांचे किती जीव वाचवले आहेत याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

पण बुरशीच्या खात्यात खरंच शून्य आहे का? पेनिसिलिन बनवायला ऊर्जा लागते. शेजारचे जीवाणू मेले तर त्यांच्या वाट्याची साखर बुरशीला मिळते. म्हणजे खर्च आहे आणि मिळकतही आहे. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले तर बेरीज शून्य येईल, पण तो योगायोग झाला. त्यात प्रतिजैविकं मातीत फार थोड्या प्रमाणात असतात. इतक्या कमी प्रमाणात ती मारण्यासाठी नसून जीवाणूंमधल्या संदेशांचं काम करतात, असं मानणारेही संशोधक आहेत.

खर्च किती मोठा असू शकतो हे कोलिसिनवरून दिसतं. बेल्जियमचे आंद्रे ग्राशिया यांनी १९२५ मध्ये ही विषं शोधली. ई. कोलाय जीवाणूचे काही वाण आपल्याच जातभाईंना मारणारी ही प्रथिनं बनवतात, आणि त्यांपैकी अनेक विषं बाहेर सोडण्यासाठी बनवणारी पेशी स्वतः फुटते. विष सोडणारी पेशी मरते, तिच्या वाणातल्या बाकीच्या पेशींकडे विषावरचा उतारा असतो, म्हणून वाण तगतो. याला अमेन्सॅलिझम म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. इथे जिवाचं मोल देऊन केलेली लढाई आहे.

एखादं गाजलेलं उदाहरण पुढे चुकीचं ठरलं आहे का?

हो, आणि ती हकिकत या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनारी टेकड्यांवर साल्व्हिया ल्युकोफिला नावाचं सुवासिक झुडूप वाढतं. जांभळट फुलांचं, सेजच्या कुळातलं. या झुडपांचे ताटवे गवताळ रानाला जिथे भिडतात तिथे एक-दोन मीटर रुंदीचा उघडा पट्टा दिसतो. गवत नाही, काही नाही, नुसती माती. त्याच्या पलीकडे काही मीटरपर्यंत खुरटलेलं गवत, मग नेहमीचं रान. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत प्रत्येक ताटव्याला ही कड आखल्यासारखी दिसते.

सी. एच. म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. झुडपाच्या पानांतून कापूर आणि सिनिओल यांसारखी उडून जाणारी द्रव्यं बाहेर पडतात, ती मातीत मुरतात आणि गवताच्या बियांची मुळं वाढू देत नाहीत. प्रयोगशाळेत हे दाखवताही आलं. झुडपाच्या वासात ठेवलेल्या बियांची मुळं खरंच खुंटली. उघडा पट्टा आणि रसायन, दोन्ही हातात. उदाहरण पुस्तकांत जाऊन बसलं.

मग १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी एक साधी गोष्ट केली. उघड्या पट्ट्यावर त्यांनी तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. हवा आत येत होती, वास आत येत होता, म्युलर यांचं रसायन जसंच्या तसं होतं. फक्त उंदीर, ससे आणि पक्षी आत येऊ शकत नव्हते. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं.

झुडपाच्या आडोशाला हे प्राणी सुरक्षित असतात. शिकारी पक्ष्यांच्या भीतीने ते लांब जात नाहीत, आडोशाच्या कडेकडेनेच बिया आणि कोंब खातात. उघडा पट्टा म्हणजे भ्यायलेल्या प्राण्याने हाताच्या अंतरावर उरकलेलं जेवण. पानांतली द्रव्यं खोटी नव्हती, बियांवरचा त्यांचा परिणामही खोटा नव्हता, आणि त्यांचा काहीच वाटा नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण रानात दिसणाऱ्या पट्ट्याचं मुख्य कारण भलतंच निघालं. गवताचं नुकसान होत होतं ते ससे-उंदरांच्या दातांनी, आणि त्यांना त्यातून अन्न मिळत होतं.

या गोष्टीत म्युलर यांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही. त्यांनी प्रयोग केले, मोजमाप केलं. राहिलं ते एवढंच की रसायन तसंच ठेवून बाकीचं एक-एक बाजूला काढून पाहायचं.

मग नुकसान करणाऱ्याच्या खात्यातलं शून्य खरंच शून्य असतं का?

फार क्वचित, असं माझं मत आहे. बहुतेक वेळा ते ‘मोजता न येण्याइतकं थोडं’ असतं.

स्पेनच्या सिएरा नेवादा पर्वतावरचं उदाहरण घ्या. तिथे आयबेक्स हा रानबोकड आणि टिमार्का वंशाचा एक भुंगेरा एकाच काटेरी झुडपावर जगतात. भुंगेऱ्याने कितीही पानं खाल्ली तरी बोकडाला काही कमी पडत नाही. बोकड मात्र झुडूप ओरबाडून नेतो आणि चरता चरता झुडपावरचे भुंगेरेही गिळतो. टिमार्काचे पुढचे पंख एकमेकांना जुळून घट्ट झालेले असतात, त्यामुळे उडून जायची सोय नाही. होसे मारिया गोमेझ आणि आदेला गोन्झालेझ-मेगियास यांनी २००२ मध्ये ही पूर्णपणे एकतर्फी देवाणघेवाण मांडली. अन्न एकच असल्याने नावाने ही स्पर्धा. परिणामाने अमेन्सॅलिझम.

ही काही सुटी घटना नाही. जॉन लॉटन आणि मायकेल हॅसेल यांनी १९८१ मध्ये कीटकांच्या स्पर्धेची तोवरची उदाहरणं तपासली, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखा फटका बसणारी स्पर्धा कमी आणि एका बाजूलाच जवळजवळ सगळा फटका बसणारी जास्त आढळली. स्पर्धा हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर तोडीस तोड दोन मल्ल येतात. रानात बहुधा तसं नसतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की (−, −) आणि (०, −) या दोन पेट्या नाहीत. एकच उतार आहे. एका टोकाला दोघांना सारखं नुकसान, दुसऱ्या टोकाला सगळं एकाच्या माथी. अमेन्सॅलिझम हे त्या टोकाचं नाव आहे.

हे गणितात कसं मांडतात?

लॉट्का आणि व्होल्टेरा यांच्या स्पर्धेच्या समीकरणांत दोन गुणक असतात: पहिल्या प्रजातीचा दुसरीवरचा परिणाम आणि दुसरीचा पहिलीवरचा. यातला दुसरा गुणक शून्य केला की अमेन्सॅलिझम झाला.

आकडे घालून बघा. पहिली प्रजाती एकटी असताना तिची संख्या १०० वर स्थिरावते, दुसरीची ६० वर. पहिलीच्या प्रत्येक सदस्यामुळे दुसरीचा ०.४ सदस्याइतका तोटा होतो असं धरा. दोघी एकत्र आल्या की दुसरी ६० वजा ४० म्हणजे २० वर येते. पहिली १०० वरच. गुणक ०.६ झाला की ६० वजा ६०, दुसरी नाहीशी. पहिली तरीही १०० वरच. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की तो न हलणारा १०० मुलांच्या चटकन लक्षात येतो.

यातून उत्क्रांती घडते का?

घडते, पण एकाच बाजूला. माझ्या मते या नात्याचं हे सर्वांत विलक्षण अंग आहे.

चित्ता वेगवान झाला की हरणांतली वेगवान तेवढी वाचतात, हरणं वेगवान झाली की मंद चित्ते उपाशी मरतात. दोघं एकमेकांना घडवत राहतात. अमेन्सॅलिझममध्ये असं उत्तर-प्रत्युत्तर होत नाही. तुडवलं जाणारं गवत पिढ्यानपिढ्या जमिनीलगत पसरणारं, वाढीचा कोंब खाली लपवणारं होऊ शकतं. ज्या माती-पाण्यात विष आहे तिथले जीवाणू ते पचवायला शिकू शकतात. पण नुकसान करणाऱ्यावर त्याचा काही दाब येत नाही. गवत टिकलं काय, मेलं काय, गाईच्या वासरांची संख्या तीच. त्यामुळे सोसणाऱ्याने एकदा तोड काढली की समोरून नवा डाव येत नाही. उलट, तोड निघाली नाही तर दुसऱ्या बाजूने हात आखडता घेण्याचंही कारण नाही.

बाहेरून आलेल्या वनस्पती स्थानिकांना इतक्या सहज कशा हरवतात? याचा इथे काही संबंध आहे का?

काही ठिकाणी आहे. सेन्टॉरिया डिफ्युझा ही युरेशियातली वनस्पती उत्तर अमेरिकेत गेली आणि तिथल्या गवताळ रानांत माजली. रॅगन कॅलवे आणि एरिक ॲशहूग यांनी २००० मध्ये तिला दोन्ही खंडांतल्या गवतांसोबत कुंड्यांत वाढवलं. अमेरिकी गवतांना तिचा फटका जास्त बसला. युरेशियातली गवतं, जी तिच्या शेजारी कित्येक पिढ्या राहिली होती, त्यांना कमी. मातीत सक्रिय कोळसा मिसळला, म्हणजे मुळांतून झरणारी सेंद्रिय द्रव्यं शोषून घेणारा, तेव्हा चित्र बदललं. जुन्या शेजाऱ्यांनी तोड काढलेली असते, नव्यांना वेळच मिळालेला नसतो, असा यामागचा विचार आहे. मागच्या प्रश्नातली एकतर्फी उत्क्रांती इथे कुंडीत दिसते.

मात्र जागा मोकळी होऊन पाहुणी वनस्पती पसरते, तेव्हा तिच्या खात्यात अधिक आहे. म्हणून याला सरसकट अमेन्सॅलिझम म्हणू नये.

सर्वांत मोठा अमेन्सॅलिझम कोणता?

एकच निवडायचं तर मी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचं नाव घेईन. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन साठू लागला. तो सायनोबॅक्टेरियांच्या प्रकाशसंश्लेषणातला टाकाऊ वायू होता. तोवरचे बरेच सूक्ष्मजीव ऑक्सिजनविना जगणारे होते आणि त्यांच्या पेशींसाठी तो विषच होता. अशा जीवांचे वंशज आज खोल गाळात, दलदलीत, प्राण्यांच्या आतड्यांत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे राहतात. सायनोबॅक्टेरियांना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपण जो श्वास घेतो तो त्या टाकाऊ वायूचाच.

आजच्या समुद्रातही याची छोटी आवृत्ती दिसते. मेक्सिकोच्या आखातात कॅरेनिया ब्रेव्हिस नावाचं सूक्ष्म शैवाल माजलं की त्याच्या विषाने मासे मरतात. १९९६ मध्ये फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अशाच लाटेत सुमारे १५० मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, मेल्या. मॅनटी मेल्याने त्या शैवालाला काय मिळालं? मला तरी काही दिसत नाही.

माणूस जे नुकसान करतो त्याला अमेन्सॅलिझम म्हणता येईल का?

काही बाबतींत व्याख्या चपखल बसते. समुद्री कासवाची पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर दिवे असले की ती उलट दिशेला जातात आणि वाटेतच मरतात. दिवा लावणाऱ्याला त्या मरणाचा काडीचाही उपयोग नाही. काचेच्या इमारतींवर आपटून मरणारे पक्षी याच प्रकारातले.

जंगल तोडून शेत केलं तर मात्र माणसाला फायदा झाला, ते या नावाखाली येत नाही. आणि जिथे ते येतं, तिथेही गाय आणि माणूस यांत एक फरक मी विसरू शकत नाही. गाईला सांगून उपयोग नाही. किनाऱ्यावरचा दिवा मात्र झाकता येतो, त्याचा रंग बदलता येतो, पिल्लं निघण्याच्या महिन्यांत तो बंद ठेवता येतो.

वर्गात किंवा घरी याचा प्रयोग करता येईल का?

येईल. लवकर रुजणाऱ्या बिया घ्या, ज्या झाडाचा संशय आहे त्याची पानं पाण्यात भिजवा आणि ते पाणी टिपकागदावर ठेवलेल्या बियांना द्या. आठवडाभर रोज किती बिया रुजल्या आणि मूळ किती मिलिमीटर वाढलं ते लिहा.

चूक होते ती तुलनेत. बहुतेक जण दुसऱ्या बशीत साधं पाणी देतात. पण पानांच्या काढ्यात क्षार आणि साखर असते, त्याची आम्लताही वेगळी असते, आणि एवढ्यानेही बी रुजणं मंदावतं. म्हणून तिसरी बशी हवी, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या झाडाच्या तितक्याच वजनाच्या पानांच्या पाण्याची. जमलं तर चौथी, संशयित काढाच पण सक्रिय कोळशातून गाळलेला. काढा पातळ ठेवा. रानात कुणी पानं वाटून बियांवर ओतत नाही.

एवढं करूनही हाती लागतं ते फक्त उणे. शून्य मोजायचं तर ते झाड दोन ठिकाणी वाढवायला हवं, एकदा शेजाऱ्यासह, एकदा एकटं, आणि दोन्हीकडची उंची, पानं, फळं हंगामभर मोजायला हवीत. फरक दिसला नाही तरी घाई करू नका. तीन कुंड्यांत फरक न दिसणं आणि तीस कुंड्यांत न दिसणं यांत मोठं अंतर आहे. बियांची वही आठवड्यात भरते. झाडाच्या वहीला वर्ष लागतं, आणि माझ्या अनुभवात ती दुसरी वही फार थोडे जण उघडतात.